नुसतं 'जा' म्हणायचं नाही

रविवारी सकाळी वेंकटराव अंघोळ करून बाहेर आले आणि दाराकडे पाहून ओल्या पंच्यानिशीच थबकले. सागवानी दाराच्या वरच्या कोपऱ्यात काल संध्याकाळपर्यंत पितळेची जुनी कडी होती. तिथं आता एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा बसला होता. डब्यातून दोन तारा लोंबत होत्या आणि एक हिरवा दिवा त्यांच्याकडे पाहून डोळे मिचकावत होता.

"दारास भोकं कोण पाडला?" त्यांनी विचारलं.

"मी," कीर्तना म्हणाली. "चारच भोकं अप्पा. तुमी सही केलात की."

"सही मी शाळेच्या कागदावर केलो. दारावर नाही!"

कीर्तना बारावीत होती. तिच्या शाळेत दोन वर्षांपूर्वी 'डिझाइन आणि तंत्रज्ञान' असा एक विषय सुरू झाला, आणि वेंकटरावांच्या मते तिथूनच घराला साडेसाती लागली. या विषयात मुलांनी घरातल्या कोणाची तरी अडचण शोधायची, त्या माणसाला प्रश्न विचारायचे, चित्रं काढायची, वस्तू बनवायची आणि शेवटी ती का बिघडली ते लिहून काढायचं. एवढं सगळं पूर्वी एक सुतार अर्ध्या दिवसात करून कापी पिऊन घरी जात असे, असं वेंकटरावांचं म्हणणं होतं. ते तंजावुरातल्या एका सहकारी बँकेत होते आणि मुलीनंही राजवाड्याच्या सावलीत राहून कुठल्या तरी बँकेत बसावं, इतकीच त्यांची इच्छा होती. कीर्तनाला मात्र बारावीनंतर अहमदाबादला डिझाइन शिकायला जायचं होतं. तीन महिने ती वडिलांच्या मागं लागली होती. वेंकटराव कापीला हो म्हणत, पंख्याला हो म्हणत, पण 'जा' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नव्हता.

आज मुरलीसर घरी येऊन तिचं काम तपासणार होते. दार काही शाळेत नेता येत नाही, म्हणून शाळाच दारात येणार होती. सरांनी चांगला शेरा दिला तर वडिलांपुढं ठेवायला एक तरी पान हातात पडेल, अशी कीर्तनाला आशा होती. या आशेपायी तिला रात्रभर झोप लागली नव्हती आणि सकाळपासून ती त्या डब्याखाली सतरा वेळा जाऊन उभी राहिली होती.

घरातली अडचण म्हणजे वसुमतीआत्यांचा खांदा. वेंकटरावांची ही थोरली बहीण त्यांच्याकडेच राहायची. सगळे कामाला गेले की दूधवाला, फूलवाली, कुरिअरवाला यांना दार उघडायचं काम तिचं. कडी वर आणि आत्यांचा हात खांद्याच्या वर जाईना. एकदा त्या स्टुलावर चढल्या आणि स्टूल एकीकडे, आत्या दुसरीकडे अशी पाळी आली होती. म्हणून कीर्तनानं बोलल्यावर उघडणारी कडी बनवली.

आता कडीशी काय बोलायचं, हा प्रश्न आला. अप्पा दाराला 'ओपन कर' म्हणत, अम्मा 'उघड' म्हणे, आत्या 'ताळ्पाळ काढ', म्हणजे कडी काढ, म्हणत आणि घाईत असल्या तर सरळ तमिळमध्ये ओरडत. शेवटी आत्यांनीच तोडगा काढला होता. "ताळ्पाळ भोकातून मागं गेला की दार उघडतं, नाही कां? मग त्यास 'जा' म्हणू. पुढं आला की लागतं. तेव्हा 'ये' म्हणू. मांजरास सांगतो तसां."

शब्द छोटे, कानाला वेगळे. कीर्तनाला ते फार आवडले. ये म्हणा, या म्हणा, येतो म्हणा, कडी पुढं येई. जा म्हटलं की मागं जाई. फळीवर बसवून पाहिली तेव्हा मात्र समोरच्या घरातली बाई गाईला 'जा' म्हणाली तरी कडी उघडायला लागली. म्हणून कीर्तनानं यंत्राला फक्त दोन आवाज शिकवले, एक आत्यांचा आणि दुसरा अप्पांचा. अप्पांनी फोनपुढं वीस वेळा 'जा' म्हटलं आणि प्रत्येक वेळी बोट दाखवून बजावलं, "हे ताळ्पाळास. तुज नाही."

फळीवर सगळं झकास चाललं. फळीवरून कोणी उठून बाहेर जात नसतं, ही गोष्ट तेव्हा कोणाच्याच ध्यानात आली नाही.

साडेनऊला दारावर टकटक झाली. कीर्तनाची आई संगीता मघाशी दार उघडं होतं तेव्हाच भाजी आणायला गेली होती, तेव्हा घरात तिघंच होती. कीर्तनानं आत्यांना खूण केली. आत्या पदर सावरून दारापुढं उभ्या राहिल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, "जा!"

खट्. कडी मागं गेली. कीर्तनानं आनंदानं दार ओढलं. जिन्यावर मुरलीसर चार पायऱ्या खाली उतरलेले होते.

"सर! कुठं चाललात?"

"आतून जा म्हटले," सर खालूनच म्हणाले. "म्हटलो, चुकीच्या वेळेस आलो वाटतं."

सरांना समजावून वर आणलं. ते पापनाशमचे. घर मराठीच, वय तिशीच्या आसपास, अंगावर आज इस्त्रीचा रेशमी काठाचा शर्ट होता आणि कपाळावर ताजा कुंकवाचा टिळा. आत्यांनी "या, या" म्हटलं आणि पाठीमागं खट् करून कडी लागली. सरांनी मान डोलावली. हात न लावता दार उघडतं आणि लागतं हे त्यांनी स्वतः पाहिलं होतं. त्यांनी आत्यांना खांद्याबद्दल विचारलं, कीर्तनाची चित्रं पाहिली, डब्यावर टिचकी मारली आणि कापीही घेतली.

"फार छान," सर म्हणाले. "एकच गोष्ट पाहायची राहिली. रोजच्या वापरात कसां चालतं ते. आणि कीर्तना, मधे तू काही करू नकोस. वापरणारी माणसं वापरतील. पण लवकर हां. मज साडेदहाची बस धरायची. पापनाशमात अम्मा थांबली, तिथून कुंभकोणम."

"काय विशेष?" वेंकटरावांनी विचारलं.

सर लाजले. "मुलगी पाहायची आहे. बाराच्या आत पोचलं पाहिजे. मग यमगंडम लागतो, शुभ कामास वाईट वेळ."

आत्यांनी कापीची वाटी खाली ठेवली. "अय्यो! मुलगी पाहायास निघालेल्या माणसास मी दारातच तसां म्हटले?"

"ते ताळ्पाळास होतं की आत्या," कीर्तना म्हणाली.

"ऐकले ते सर! चार पायऱ्या उतरलेही!" आत्यांनी देवघराकडे पाहून दोन्ही गालांवर मारून घेतलं. "मी अत्तां सर घराबाहेर पडेपर्यंत तो शब्द काढायची नाही."

सर हसले, उठले, चपला घातल्या आणि म्हणाले, "बरं, जाऊन येतो."

यंत्राला सरांचा आवाज ओळखीचा नव्हता. ते गप्प राहिलं. मग यजमान या नात्यानं वेंकटराव दाराशी आले, हात जोडले आणि पिढ्यान्‌पिढ्या निरोप देताना म्हणतात तसं म्हणाले, "जाऊन या, सर."

खट्. खट्.

कडी मागं गेली आणि पुढं आली. सरांनी दार ओढलं. दार जागचं हललं नाही.

"पुन्हा म्हणा," सर म्हणाले.

"जाऊन या."

खट्. खट्.

कीर्तनानं तीन महिने आत्यांचा खांदा मोजला होता, हाताची उंची मोजली होती, दाराची जाडी मोजली होती. या घरात कोणी कधी कोणाला नुसतं 'जा' म्हणत नाही, हे मात्र मोजायचं राहून गेलं होतं. निघणारा 'जाऊन येतो' म्हणतो आणि राहणारा 'जाऊन ये' म्हणतो. आणि यंत्र बिचारं आज्ञाधारक. 'जा' ऐकून जात होतं, 'ये' ऐकून येत होतं.

"अप्पा, नुसतं पहिलं अक्षर म्हणा," ती कुजबुजली.

"घरी आलेल्या माणसास? शुभ कामास निघालेल्यास?" वेंकटरावांनी डोळे वटारले. "तुज शाळेत हेच शिकवतात कां?"

"मी हे मानत नाही," मुरलीसर घाईघाईनं म्हणाले. "विज्ञानाचा माणूस मी. बिनधास्त म्हणा."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पलीकडे त्यांची आई होती आणि तिला फोनची गरज नव्हती. पापनाशमहून तशीच ओरडली असती तरी ऐकू आलं असतं. "मुरली! निघालास कां? नीट निरोप घेऊन नीघ रे. मागल्या खेपेस त्या सायकलवाल्यानं 'कुठं' म्हणून विचारला आणि ठरलेलं लग्न मोडलं. ध्यानात आहे नव्हे?"

सरांनी फोन खिशात घातला आणि शर्टाची कॉलर सैल केली. "मी मानत नाही," ते पुन्हा म्हणाले, "पण अम्मा मानते. आणि मुलगी पसंत अम्माच करणार."

मग सरांनीच युक्ती काढली. आत्यांनी 'जाऊन' म्हणून थोडं थांबायचं, तेवढ्यात सर दार ओढतील, मग आत्यांनी 'या' म्हणायचं. म्हणजे निरोपही पुरा आणि दारही उघडं. आत्या तयार झाल्या. सरांनी दोन्ही हातांनी दाराचा कोयंडा धरला आणि पाय भिंतीला लावला, कारण ते दार फुगलेलं होतं आणि सहजासहजी सुटत नसे.

"जाऊन..." आत्या म्हणाल्या. खट्. सरांनी जोर लावला. दार करकरलं. "...या," आत्यांच्या तोंडून निसटलं. खट्.

"थोडं आणखी थांबा हो!"

"कसां थांबू? अर्ध्यात सोडलं की माणूस गेलाच की. परतीचं नको कां?"

पुन्हा केलं. या खेपेस आत्यांनी पदराचा बोळा तोंडात धरला, पण बोळ्यातूनही 'या' आलंच. तिसऱ्या खेपेला दार दोन बोटं उघडलं, सर "सुटलं!" म्हणून ओरडले, आणि वेंकटराव उत्साहानं म्हणाले, "या या, ओढा!" कडी बाहेर आली आणि चौकटीला वरून टणकन आपटली. दचकून सरांनी दार सोडलं. ते मिटलं आणि कडी आपल्या भोकात जाऊन बसली.

"हातानं उघडायची काही सोय ठेवलीस की नाही?" सरांनी कीर्तनाकडे वळून विचारलं. हा प्रश्न गुणांचा होता, हे तिला कळलं.

"ठेवली सर. ही मूठ." तिनं स्टुलावर चढून डब्याच्या बाजूची छोटी निळी मूठ दाखवली.

"आधी सांगू नये कां?" म्हणत वेंकटरावांनी तिला बाजूला केलं, स्टुलावर चढले आणि तीस वर्षं पितळेची कडी ओढायची सवय असलेल्या हातानं ती मूठ ओढली. मूठ त्यांच्या हातात आली. कडी होती तिथंच राहिली. वेंकटरावांनी ती कोणाला दिसू नये अशी खांद्यावरच्या पंच्याच्या घडीत सरकवली.

"स्क्रू काढू," सर म्हणाले. "पेंचकस आण."

"शाळेचा होता. काल संध्याकाळी कडी बसवली आणि लगेच प्रयोगशाळेत परत ठेवला. आवाजांचे नमुनेही तिथल्याच संगणकात."

"किल्ली?"

"तुमच्याकडे असते, सर."

सरांनी खिसा चाचपला. प्रयोगशाळेची किल्ली खिशात होती आणि खिसा आत होता. स्क्रूची डोकी चांदणीच्या आकाराची. वेंकटरावांनी नाणं लावून पाहिलं, मग सुरी. सुरीचं टोक वाकलं. डब्याची वायर उपटावी तर वीज गेली तरी कडी आहे तिथंच राहावी, अशी काळजी कीर्तनानं चोरांचा विचार करून घेतली होती. घर वरच्या मजल्यावरचं, दार एकच, खिडक्यांना गज. वेंकटराव बसत, उठत, पुन्हा बसत. सर दारापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या घालत होते आणि दर फेरीला घड्याळ पाहत होते.

दारावर टकटक झाली. "दार कां लावून बसलात?" बाहेरून संगीताचा आवाज आला. "हात भरलेत माझे."

"संगीता आली!" आत्यांना एकदम सुटल्यासारखं वाटलं. "ये, ये!"

डब्यात घर्र झालं आणि कडी होती त्याहून घट्ट बसली.

"तुमी तिला म्हणा की," कीर्तना काकुळतीला आली. "अम्मा काही मुलगी पाहायास निघाली नाही. तिला म्हणा 'जा'."

"सर दारातच उभे. ताळ्पाळ दारात, संगीता दारात, सर दारात. शब्द कोणास लागला हे कोण सांगणार?"

सरांचा फोन पुन्हा वाजला. मुलीकडच्यांनी बज्जी तळायला घेतली होती आणि सोज्जीचा शिरा थंड होत होता. सरांनी फोन कानापासून लांब धरला आणि हातातला शेऱ्याचा कागद खुर्चीवर ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर आता मुलगीही दिसत नव्हती आणि शेराही दिसत नव्हता.

आणि मग वेंकटराव कडाडले. "हे शिकायास तुज अहमदाबादेस धाडू? इथं राहून माणसं घरात कोंडलीस. तिथं शिकून आलीस तर अख्खं तंजावूर कोंडशील!"

कीर्तना स्टुलावर बसली. तिच्या बोटांना दोन ठिकाणी पट्ट्या होत्या, त्यातली एक सुटत आली होती, ती तिनं हळूच दाबून बसवली.

"बरं," ती म्हणाली. "सोडते मी. बारावी झाली की इथंच बी.कॉम. करते. उद्या पितळेची कडी परत लावून देते, भोकंही बुजवते."

तीन महिने वेंकटराव हेच वाक्य ऐकायला टपून बसले होते. ते ऐकून त्यांना आनंद व्हायला हवा होता. पण त्यांना काही तरी बोचलं. पंच्याच्या घडीतली मूठ बोचली असेल म्हणून त्यांनी ती काढून खिडकीत ठेवली, तरी बोचायचं थांबेना.

"माझा खांदा कुठवर उचलतो, कशानं दुखतो, रात्री कुठल्या कुशीस झोपते," आत्या कोणाकडेच न पाहता म्हणाल्या, "डॉक्टर एवढं विचारला नाही. ही रोज विचारायची. आज सकाळी दूधवाला आला तेव्हा मी पहिल्यांदा एकटीनं दार उघडले, वेंकट. स्टुलाशिवाय."

"तेच सांगतो मी!" वेंकटराव ओरडले. नक्की कोणावर ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ते कीर्तनापुढं जाऊन उभे राहिले. "तुज सोड कोण म्हटला? एक मूठ तुटली म्हणून कोणी विद्या सोडतं? मूठ मी तोडलो! अर्ध्यात टाकायचं असतं तर माझ्या दारास भोकं कशास पाडलीस? बी.कॉम. म्हणे! काही नको बी.कॉम.! जा! अहमदाबादेस जा, कुठं शिकवतात तिथं जा!"

खट्.

या खेपेला दुसरं खट् आलं नाही.

मुरलीसरांनी पाय भिंतीला लावून दार असं ओढलं की ते त्यांच्यासकट मागं आलं. "मज म्हटलं नाही, तिला म्हटलं!" असं स्वतःलाच बजावत ते बाहेर उडाले, संगीताच्या पिशवीला धडकले, आणि सांबारचे छोटे कांदे जिन्यावरून सरांच्या आधी खाली पोचले. "कीर्तना, फार चांगलं काम!" खालून आवाज आला. "अहवालात लिही, वापरणारा बोलतो कसां ते आधी ऐकावं! आणि मूठ लोखंडाची कर!" मग चपलांचा आवाज गल्लीत विरून गेला.

संगीता कांदे वेचायला पायऱ्या उतरली. जड दार आपल्याच वजनानं हळूहळू येऊन चौकटीला टेकलं.

आत कीर्तना उठून उभी राहिली होती. "अप्पा, जा म्हटलात."

"ते..." वेंकटराव डब्याकडे पाहू लागले. "ते ताळ्पाळास."

"ताळ्पाळास अहमदाबादेस जा म्हटलात?"

वेंकटरावांनी पंच्यानं तोंड पुसलं. तोंड कोरडंच होतं, तरी बराच वेळ पुसलं. आत्या जवळ आल्या आणि त्यांच्या पाठीवर एक चापट मारली. "वेंकट, काय म्हटलास रे हे? पोरीस कधी नुसतं तसां म्हणतात कां? एकुलती एक लेक, एवढ्या दूर निघायची. पुरं म्हण."

"अत्तांच कुठं निघाली ती?"

"निघेल तेव्हा तुज सुचेल न सुचेल. अत्तां म्हणून ठेव."

वेंकटरावांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा दारातल्या चार भोकांकडे, आणि मग मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. आवाज हळू होता, पण यंत्राला तो चांगला ओळखीचा होता.

"जाऊन ये, कीर्ता," ते म्हणाले.

खट्. खट्.

जिन्यावरून पावलं वर आली. पिशवी खाली ठेवल्याचा आवाज झाला, दार एकदा ढकललं गेलं आणि संगीता म्हणाली, "अय्यो, पुन्हा कां लावलात? मी बाहेरच आहे की!"

वसुमतीआत्या लगबगीनं पुढं झाल्या आणि दाराला तोंड लावून प्रेमानं म्हणाल्या, "ये, संगीता, ये."